बागेचे प्रश्न : कातळावर फुलं हवीत, पाणी मात्र नाही

प्रश्न : नमस्कार ताई, पर्वरीला आमच्या घरापुढे जांभ्याचा उतार आहे, माती वीतभर आणि खाली नुसता कातळ. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवावा लागतो, त्यात झाडांना पाणी कुठून घालणार? नर्सरीवाला म्हणतो जमिनीवर पसरणारं जांभळं लँटाना लावा. पण लँटाना म्हणजे आपली घाणेरीच ना, ती तर सगळं रान खाऊन टाकते! लावू की नको?

उत्तर : लावा, पण विकत घ्यायच्या आधी झाड हातात घेऊन नीट बघा. रानातली घाणेरी उभी वाढते, चांगली माणसाच्या उंचीची होते, फांदीवरून बोट फिरवलं की बारीक काटे लागतात आणि एकाच झुबक्यात पिवळी, केशरी, गुलाबी अशी फुलं असतात. तुम्हाला हवीय ती वेगळी जात, दक्षिण अमेरिकेतली, उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ शहरावरून तिचं शास्त्रीय नाव पडलंय. तिच्या फांद्या बारीक, लोळणाऱ्या, काटे नाहीत, उंची फार तर दीड-दोन फूट, फुलं एकरंगी फिकट जांभळी आणि मधे पांढरट-पिवळा ठिपका. पांढरी फुलंही मिळतात. पान चुरगाळलं की वास मात्र दोघींचा उग्रच.

तुमची भीती अगदीच चुकीची नाही हां. रानातली घाणेरी पण 19व्या शतकात इंग्रजांनी शोभेसाठीच आणलेली, म्हणजे तीही कुणाच्या तरी बागेतूनच सुटलीय. आणि ही लोळणारी जात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे तण होऊन बसलीय. त्यामुळे पर्वरीच्या कंपाउंडात खुशाल लावा, पण बागेतला कचरा माळावर नेऊन टाकू नका, फांदी जमिनीला टेकली की तिथेच मुळं धरते. फळ सहसा धरत नाही, दिसलंच तर हिरवं असतानाच काढून टाका.

आता लावायचं कधी, तर लोक जूनचा पहिला पाऊस पडला की सगळं लावून मोकळे होतात, या झाडाला ते चालत नाही. गोव्यात हे झाड मेमध्ये मरत नाही, जुलैत मरतं! आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच, एवढं पाणी या मुळांना सोसत नाही. म्हणून चतुर्थी झाली, पावसाचा जोर उतरला की सप्टेंबरात लावा, जमीन ओली असते आणि ऊन पडायला लागलेलं असतं. पहारीने फूटभर खड्डा खणा, पण कातळातला खड्डा म्हणजे बादली, पाणी आत जातं ते बाहेर येत नाही. तेव्हा उताराच्या खालच्या अंगाची कड पहारीने फोडून पाण्याला वाट करून द्या, एवढं एकच काम केलंत तरी अर्धं झाड जगलं. भरायला तीच लाल माती आणि मूठ-दोन मूठ शेणखत, जास्त नको. दोन झाडांत अडीच-तीन फूट ठेवा, सुरुवातीला उघडंबोडकं दिसेल, दिसू दे.

पहिली डिसेंबरपर्यंत आठवड्यातून दोनदा पाणी, मग हळूहळू कमी करत पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी. दुसऱ्या वर्षापासून पंधरवड्यातून एकदा घातलंत तरी पुष्कळ.

प्रश्न : फोंड्याहून लिहितोय. आमचं जांभळं लँटाना मेपर्यंत मस्त होतं, पावसात मधूनच काळं पडून कुजतं, पानांवर पांढरी भुकटी येते. औषध कुठलं मारू?

उत्तर : औषध नको, कात्री घ्या. झाड जुनं झालं की वरून हिरवं आणि आत नुसत्या सुक्या काड्यांचं जाळं होतं, पावसात तिथे हवाच खेळत नाही. मेच्या शेवटी वळीव पडले की वीतभर उंचीवर सरळ छाटून टाका. जीव होत नाही माहितेय, पण छाटाच, पावसाळाभर ते कोवळी पानं काढत बसेल आणि ऑक्टोबरात पुन्हा फुलेल. बुंध्याशी घातलेला पालापाचोळा, नारळाची सोडणं पावसाआधी बाजूला ओढा. छाटताना हातमोजे घाला, खरखरीत पानांनी काहींना खाज सुटते.

प्रश्न : मडगावला फ्लॅटच्या गॅलरीत टांगलंय, रोज पाणी घालते, महिन्याला युरिया पण देते, पानंच पानं, फूल एक नाही!

उत्तर : लाड थांबवा. सहा तास तरी थेट ऊन लागतं, ते गॅलरीत नसेल तर कुंडी टेरेसवर न्या. युरिया बंद, आणि वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी नाही. पानांमागे पांढरी माशी दिसली तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा.

प्रश्न : आमचं घर सत्तरीत, म्हादई अभयारण्याच्या कडेला. बांधावर हे लावलं तर चालेल? गुरं पण येतात.

उत्तर : तुम्ही नका लावू. एक तर जंगल शेजारी, आणि दुसरं म्हणजे हा पाला गुरांना विषारी, लिव्हरवर परिणाम होतो आणि उन्हात कातडी सोलवटते. वासामुळे एरवी तोंड लावत नाहीत पण मेमध्ये भुकेलं जनावर काय खाईल सांगता येत नाही. बांधावर कोरांटी लावा, आपल्याच मातीतली आहे, पसरत नाही पण पाणी मागत नाही आणि काट्यांमुळे कुंपणाचं काम पण करते. ज्यांच्याकडे लँटाना आहेच त्यांनी छाटलेल्या फांद्या रस्त्याकडेला फेकू नका, आपल्या गावात मोकळी गुरं काय कमी आहेत? पोत्यात भरून सुकवा आणि मग आवारातच खड्ड्यात पुरा.