पेटीवरचे नाव आणि पेटीतले फळ

प्रश्न : आम्ही अकरा बागायतदार एकत्र येऊन फळे विक्रीस पाठवतो. यंदा पेटीवर गटाचे नाव छापून आणि फळांवर स्टिकर लावून स्वतःचा ब्रँड उभा करण्याचा विचार आहे. गुणवत्तेची हमी द्यायची, तर सुरुवात कोठून करावी?

उत्तर : छपाई थोडी लांबणीवर टाका आणि आधी काढणीचा निकष ठरवा. कच्चेपणी तोडलेल्या फळाला पुढे रंग येऊ शकतो, मऊपणाही येतो. पण झाडावर असताना जे फळात भरलेच नाही, ते शीतगृहात भरत नाही. अकरांपैकी एकाने भावाच्या ओढीने चार दिवस आधी तोडणी केली, तर ते कोवळे फळ सर्वांच्या नावावर जाते, कारण ग्राहकाच्या लक्षात बाग राहत नाही, पेटीवरचे नाव राहते.

निकष फळागणिक वेगळा असतो. सफरचंद आडवे कापून त्यावर आयोडीनचे द्रावण लावले, की जेथे पिष्ट (स्टार्च) शिल्लक आहे तो गर काळानिळा होतो आणि जेथे त्याची साखर झाली आहे तो भाग तसाच राहतो. या डागाची तक्त्याशी तुलना करून तोडणीचा दिवस ठरवतात. किवी मात्र काढणीच्या वेळी पिष्टाने भरलेले असल्याने रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचे माप, तेवढा मोजून भागत नाही, गरातील शुष्क पदार्थाचे, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या भागाचे, प्रमाणही पाहावे लागते. संत्र्यात साखर आणि आम्ल यांचे परस्परप्रमाण महत्त्वाचे, कारण तोडल्यानंतर ते आणखी गोड होत नाही.

खरी कसोटी निकषात न बसणाऱ्या मालाचे काय करायचे, ही आहे. ‘पिंक लेडी’ हे सफरचंदाच्या जातीचे नाव नसून व्यापारचिन्ह आहे; जात ‘क्रिप्स पिंक’. त्याच जातीचे फळ ठरलेल्या दर्जात बसले नाही, तर त्याला ते व्यापारचिन्ह लावता येत नाही. तुमच्या गटानेही नापास माल बिननावाच्या पेटीतून जाईल, मग तो गटप्रमुखाचा का असेना, हे हंगामापूर्वी लेखी ठरवावे आणि तपासणी ज्याचा माल त्याच्या हाती देऊ नये. हे मान्य होत नसेल तर नाव न छापणेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यानंतर तापमान. शीतगृहाच्या भिंतीवरील तापमापी खोलीतील हवेचे तापमान दाखवतो, तर थप्पीच्या मधल्या पेटीतील फळात शेतातील उष्णता कित्येक तास टिकून राहते. म्हणून गाडी भरण्यापूर्वी टोकदार तापमापी थेट फळाच्या गरात खुपसून नोंद घ्या. मात्र जितके थंड तितके चांगले, असेही नाही. केळी सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली ठेवली तर साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही.

प्रत्येक पेटीवर बाग आणि काढणीची तारीख सांगणारा लॉट क्रमांक असावा, आणि प्रत्येक लॉटमधील काही फळे राखीव नमुने म्हणून आपल्याकडेच ठेवावीत. दहा दिवसांनी ‘माल आतून काळा निघाला’ अशी तक्रार आली, तर त्याच लॉटचे फळ कापून दोष बागेतला की वाटेतला, याचा बराच अंदाज घेता येतो. चांगल्या शेतीपद्धतीचे ग्लोबलगॅपसारखे प्रमाणपत्र उपयुक्त आहेच. पण ते पीक कसे घेतले, फवारणीच्या नोंदी आहेत का, हे पाहते. फळाच्या चवीची हमी त्यातून मिळत नाही.

प्रश्न : फळावरील स्टिकरवर चार आकडी क्रमांक असतो. तो दर्जा दाखवतो का?

उत्तर : नाही. हा पीएलयू क्रमांक दुकानातील गल्ल्यावर फळाचा प्रकार ओळखण्यासाठी असतो. ४०११ म्हणजे साधे पिवळे केळे. त्याच्या आधी ९ लावून ९४०११ केले, की सेंद्रिय पद्धतीने पिकवलेले केळे. ते कोणत्या बागेतून आले किंवा कधी तोडले, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी पेटीवरचा लॉट क्रमांकच पाहावा लागतो.