वाचक विचारतात : हलगी गेटवरच अडवली, आता आवाज काढायचा कुठून?

मागच्या अंकात फुटबॉलबद्दल काहीही विचारा म्हटलं होतं. मला वाटलं लोक ऑफसाइड विचारतील, व्हिडिओ बघून निर्णय तपासायचं ते व्हीएआर विचारतील, त्यासाठी थोडा अभ्यासपण करून ठेवला होता. पण पत्रं आली ती बहुतेक गॅलरीतूनच, मैदानात काय चाललंय ह्याची कोणाला पडलेलीच नाही. असो, मीपण मूळचा गॅलरीतलाच.

दादा, आम्ही पेठेतली चाळीसएक पोरं, दर सीझनला शाहू स्टेडियमवर पडीक असतो. यावेळी गेटवर हलगी अडवली, झेंड्याच्या काठ्या काढून घेतल्या, फटाक्यांचं तर नावच काढू नका म्हणाले. मग आम्ही काय सत्यनारायणाला बसल्यागत बसायचं काय? वातावरण करायचं कसं ते सांगा. – मंगळवार पेठ, कोल्हापूर

भावा, सत्यनारायणालापण आरतीला टाळ्या जोरात वाजतात, तेवढ्या तरी वाजव की. गंमत सोड, तू तीन गोष्टी एकाच पोत्यात भरल्यास, त्या आधी वेगळ्या करू.

फटाका आणि धूर, ह्याच्यावर घासाघीस नाही. तो लाल धुराचा फ्लेअर असतो ना, युरोपचे व्हिडिओ बघून आपल्याकडेपण पोरं मागवायला लागलीत, तो हजार अंशाच्या वर तापतो आणि पाण्यानं सहजासहजी विझत नाही. २०१३ साली बोलिव्हियात ओरुरोला मॅच चालू असताना पाहुण्यांच्या गॅलरीतून सुटलेला फ्लेअर लागून १४ वर्षांचं पोरगं जागेवर गेलं. पाहुणी टीम ब्राझीलची कोरिंथियन्स, तिच्या प्रेक्षकांवर नंतर बंदी आली. फेकणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा 'वातावरण'च असणार.

काठीचं साधं आहे. मॅच सुरू होताना ती झेंड्याची असते, पेनल्टी नाकारली की ती नुसती काठी असते. बिनकाठीचा मोठा कापडी झेंडा घ्या, चौघांनी चार कोपरे धरा, त्याला कोण अडवत नाही. फक्त कोणाच्या तोंडावर नव्वद मिनिटं धरू नका आणि बाहेर जायच्या वाटेवर बांधू नका.

हलगीच्या बाबतीत मात्र मी तुझ्या बाजूनं आहे. युरोपात कितीतरी क्लब ढोल आत सोडतात, पण आधी परवानगी काढून, आणि बऱ्याच ठिकाणी अट असते की ढोल एका बाजूनं उघडा पाहिजे, म्हणजे आत काय लपवलंय ते दिसतं. आता हलगी तर जन्मतःच एका बाजूनं उघडी, एकच कातडं, तिच्यात कोण काय लपवणार? हाच मुद्दा संयोजकांकडे घेऊन जा, पण मॅचच्या चार दिवस आधी, लेखी, दोन हलग्या, वाजवणाऱ्यांची नावं, मोबाइल नंबर आणि कुठल्या कोपऱ्यात बसणार ते लिहून. गेटवर हवालदाराशी हुज्जत घालून हलगी आत गेलेली मी तरी आजवर बघितलेली नाही, हुज्जत घालणारा बाहेर राहिलेला बघितलाय.

आणि समजा नाहीच सोडली, तर? चाळीस पोरं म्हणजे लई झाली रे. तुमचं चुकतं कुठं माहितीय का, दहा इथं, पाच तिथं, बाकीची वडापावच्या गाडीजवळ. सगळी एका जागी, गोलच्या मागं, खालच्या पायऱ्यांवर बसा. जर्मनीत डॉर्टमुंडला दक्षिणेकडची एक गॅलरी आहे, जवळजवळ २५ हजार माणूस उभं राहून मॅच बघतं, पिवळी भिंतच म्हणतात तिला, तिची ताकद आकड्यात आहेच पण एका जागी असण्यातपण आहे. एकानं मैदानाकडं पाठ करून पोरांकडं तोंड करून उभं राहायचं, तो सुरुवात करणार आणि बाकीचे उचलणार. त्या बिचाऱ्याला मॅच दिसत नाही म्हणून हाफटाइमला माणूस बदला. घोषणा छोटी, सवाल-जवाबासारखी – 'कोण आलं?' 'पेठ आली!' – आणि हळू. सगळे फार घाईत चालू करतात आणि तिसऱ्या मिनिटाला घसा बसतो. २०१६ च्या युरो कपमध्ये आइसलँडच्या लोकांनी काय केलं होतं, दोन्ही हात वर, एक टाळी, मग शांतता, मग पुन्हा टाळी आणि 'हू', आणि मधलं अंतर हळूहळू कमी करत नेलं, बस्स. अख्ख्या देशाची वस्ती तेव्हा साडेतीन लाखाच्या आत, पण टीव्हीवर बघतानापण अंगावर काटा यायचा. त्यात खरी जादू त्या शांततेची आहे, टाळीची नाही.

अजून एक, हे तुला आवडणार नाही. समोरच्या पेठेच्या आयाबहिणी काढणं म्हणजे वातावरण नव्हे, तो फुकटचा आवाज त्यांच्या टीमला पेटवायला जातो. शिव्या दिल्यावर प्रतिस्पर्धी डिफेंडर घाबरला असं कधी होतं का? तो उलट टाचा घासून खेळतो. आणि ०-२ नं मागं असताना जे पोरगं गप्प बसतं, त्याला पुढच्या मॅचला मागच्या पायरीवर बसवायचं. खरी गरज तेव्हाच असते.

माझी मुलगी सात वर्षांची, तिला पहिल्यांदाच अंधेरीला मुंबई सिटीची मॅच दाखवायला न्यायचंय. टीव्हीवर एवढा आरडाओरडा दिसतो, नेऊ का? आणि बरोबर काय नेता येतं? – ठाणे

ताई, बिनधास्त न्या. मुंबई फुटबॉल अरिना म्हणजे आपलं अंधेरीचं क्रीडा संकुल, घाटकोपरहून मेट्रो पकडलीत तर आझाद नगरला उतरून चालत. छोटं स्टेडियम आहे, खेळाडू अगदी जवळून दिसतात, मुलांना ते आवडतं. मुंबई सिटीचे कट्टर समर्थक, वेस्ट कोस्ट ब्रिगेड, ते जिथं बसतात त्या स्टँडचं तिकीट पहिल्यांदा काढू नका, तिथं सगळे उभे राहतात आणि तिला समोरच्याची पाठच दिसेल. थोडं बाजूला बसा, म्हणजे गाणी ऐकूपण येतील आणि मॅचपण दिसेल.

नेण्याचं म्हणाल तर पाण्याची बाटली, पॉवर बँक, लायटर, छत्री, परफ्यूम, सेल्फी स्टिक हे आपल्याकडच्या बहुतेक स्टेडियमात अडवतात, काही ठिकाणी सुट्टी नाणीसुद्धा. बाइकवरून गेलात तर हेल्मेट आत नेता येत नाही आणि ते ठेवायला जागापण मिळत नाही, मग नवरा बाहेर हेल्मेट सांभाळत आणि तुम्ही आत असं होतं. तिकिटामागची बारीक अक्षरं घरीच वाचा. पावसाची शक्यता असेल तर छत्रीऐवजी रेनकोट. मुलीच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि आवाज फार वाटला तर कानात थोडा कापूस.

ह्याच स्टेडियमची एक गोष्ट तिला सांगा. २०१८ च्या जूनमध्ये इथं भारतानं चायनीज तैपेईला, म्हणजे तैवानला, ५-० हरवलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, एकट्याचे तीन गोल, आणि बघायला माणसं किती? २,५६९. छेत्रीनं दुसऱ्या दिवशी व्हिडिओ टाकला, हात जोडून, की आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर या. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध त्याची भारताकडून शंभरावी मॅच, धो धो पाऊस, आणि स्टेडियम फुल्ल. भारत ३-०, त्यातले दोन त्याचेच. टीम तीच, मैदान तेच, फक्त खुर्च्या भरलेल्या. मला विचाराल तर आपल्याकडं वातावरणाचा पहिला प्रश्न हुल्लडबाजी नाहीच, रिकाम्या खुर्च्या हा आहे.

माझा मुलगा कॉलेजला आहे, मॅच म्हटली की जेवण सोडून पळतो. गेल्या सीझनला दोन मंडळांच्या पोरांत दगडफेक झाली, मॅच थांबवावी लागली. मी त्याला जाऊ द्यावं की नको? – कोल्हापूर

काकू, तुमची भीती खोटी नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान मॅच होती, गॅलरीत दोन्हीकडचे लोक एकत्र बसलेले, मारामारी झाली, पळापळ झाली आणि १६ माणसं मॅच बघायला गेलेली परत आली नाहीत. तिथं अजून दर १६ ऑगस्टला त्यांच्या आठवणीत रक्तदान करतात. दोन बाजूंचे समर्थक वेगळे बसवणं, मध्ये मोकळी जागा ठेवणं, येण्याजाण्याची गेटं वेगळी ठेवणं ह्याचा पोरांना कंटाळा येतो पण ते असल्याच अनुभवातून आलंय.

पण फक्त पोरांना दोष देऊन भागत नाही. इंडोनेशियात मलंगला, कांजुरुहान स्टेडियममध्ये १ ऑक्टोबर २०२२ ला १३५ माणसं गेली. हरलेल्या टीमचे लोक मैदानात उतरले हे खरं, पण मग पोलिसांनी गॅलरीत अश्रुधूर सोडला, जो फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये वापरायचाच नाही असं स्पष्ट आहे, आणि लोक पळाले ते अरुंद गेटांकडं, त्यातली काही नीट उघडलेलीच नव्हती. माणसं मेली ती दारात चेंगरून आणि गुदमरून. म्हणून मी कुठल्याही मैदानावर गेलो की स्कोअरबोर्डच्या आधी बाहेर जायचं दार बघतो, बायको हसते, हसू दे.

जाऊ द्या त्याला. फक्त दोन वचनं घ्या : गडबड सुरू झाली की व्हिडिओ काढत उभा राहणार नाही, आणि मैदानात उतरणार नाही, कितीही जण उतरले तरी. आणि एकदा तुम्हीच जा की त्याच्याबरोबर. आई शेजारी बसलेली असली की अर्ध्या गॅलरीची भाषा सुधारते, स्वानुभव आहे.

फातोर्ड्याला मॅच बघताना मागचे दोघं पाहुण्या टीमच्या आफ्रिकन खेळाडूला माकडाचे आवाज काढून चिडवत होते. मी गप्प बसलो, नंतर वाईट वाटलं. काय करायला पाहिजे होतं? – मडगाव

वाईट वाटलं हे बरं झालं. एकट्यानं भांडू नका, सरळ जवळच्या स्टुअर्डला, म्हणजे गॅलरीत लक्ष ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला, स्टँड आणि रो नंबर सांगा, हे शिवी दिल्यासारखं किरकोळ प्रकरण नाही. फिफाच्या नियमात तीन पायऱ्या आहेत, रेफरी आधी मॅच थांबवून माइकवरून सूचना द्यायला लावतो, मग टीम्सना आत पाठवतो, आणि तरी नाहीच थांबलं तर मॅच रद्द. २०२४ पासून खेळाडू मनगटं एकमेकांवर आडवी धरून रेफरीला खूण करू शकतो की मला वंशावरून बोलतायत. म्हणजे त्या दोन टाळक्यांपायी अख्ख्या स्टेडियमची मॅच जाऊ शकते.

आणि हे गोव्यापुरतं नाही. कोल्हापुरात तालमींकडून, म्हणजे पेठांच्या टीमकडून, नायजेरियाची पोरं खेळायला येतात, गोल मारला की त्यांना खांद्यावर घेतात आणि तेच पोरगं दुसऱ्या तालमीकडून खेळलं की काय काय ओरडतात ते मी इथं लिहू शकत नाही. ते पोरगं घरापासून हजारो किलोमीटर लांब, आपलाच तांबडा-पांढरा खाऊन आपल्यासाठी पळतंय.

गोल झाला की आम्ही पेपर फाडून उधळतो. आता तेपण बंद म्हणतात. कागदानं कोणाला लागतं का? – सांगली

लागत नाही, पेटतो. १९७८ च्या वर्ल्डकपला अर्जेंटिनात कागदांचा पाऊस पडायचा, मैदान पांढरं व्हायचं, ते फोटो बघून मलापण भुरळ पडते. पण इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला ११ मे १९८५ ला लाकडी स्टँडखाली साठलेल्या कचऱ्याला आग लागली आणि काही मिनिटांत ५६ माणसं गेली. आपल्या गॅलरीखाली काय काय साठलेलं असतं, एकदा वाकून बघा, आणि वर बिडी ओढणारे असतातच.

उधळायचंच असेल तर परवानगी काढा आणि नंतर उचला. जपानचे लोक १९९८ पासून वर्ल्डकपमध्ये निळ्या पिशव्या घेऊन येतात, त्यात हवा भरून मॅचभर हलवतात आणि संपल्यावर त्यातच कचरा भरतात. २०१८ ला बेल्जियमविरुद्ध २-० नं पुढं असताना २-३ हरले, रडत होते, आणि रडत रडतच गॅलरी झाडून गेले. आपल्याला एवढं जमणार नाही हे मला माहितीय, पण निदान शेंगांची टरफलं तरी.

बिअरशिवाय फुटबॉल म्हणजे काय मजा? युरोपात तर सगळे पितात ना? – पुणे

सगळे नाही. इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानं मोठ्या क्लबांच्या मॅचला मैदान दिसेल अशा जागी बसून पिता येत नाही, बिचारे हाफटाइमला आतल्या पॅसेजमध्ये घटाघटा संपवतात. जर्मनीत सीटवर चालते, ग्लासचं डिपॉझिट घेतात. कतारला तर २०२२ मध्ये वर्ल्डकप सुरू व्हायच्या दोन दिवस आधी स्टेडियमातली बिअर बंद केली, आणि त्यानंतर जी फायनल झाली ती तुम्ही बघितलीच असेल. चहा प्या.

२०१० च्या वर्ल्डकपमधला तो वुवुझेला माझ्याकडे आहे, नेऊ का मॅचला? – सातारा

नको. ती पिपाणी युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, यूएफानं, त्याच वर्षी त्यांच्या मॅचेसमधून बंद केली कारण तिच्यापुढं गाणी ऐकूच येईनात. घरी ठेवा, भाचे आले की द्या, बहिणीशी भांडण झालेलं असेल तर नक्कीच द्या.