प्रागचं सेंट व्हायटस कॅथेड्रल: आई-बाबांना घेऊन आत जावं का?

प्रागमध्ये दोनच दिवस आहेत, आईचे गुडघे दुखतात, मग किल्ल्यावरचं कॅथेड्रल बाहेरून बघितलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं: आत जाच, आणि त्यासाठी अख्खी सकाळ ठेवा. मीही माझ्या आईला घेऊन गेलो होतो.

आधी गुडघ्यांचं. नदीकडून टेकडी चढू नका. 22 नंबरची ट्राम ‘प्राझस्की ह्राद’ थांब्यावर सोडते, तिथून किल्ल्यापर्यंत वाट जवळजवळ सपाट आहे. अंगणांत मात्र दगडी फरशी आहे, आईला चांगले बूट घालायला सांगा. रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारीच सोडतात. तो दिवस टाळा.

पश्चिमेच्या दारातून शिरल्यावर थोडं अंतर विनातिकीट जाता येतं. बरेच जण तिथूनच फोटो काढून परत फिरतात, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. कारण तुम्ही तेव्हा उभे असता तो भाग जेमतेम शे-दीडशे वर्षांचा आहे. पुढे राजा झालेला चौथा चार्ल्स अजून युवराज होता तेव्हा, 1344 मध्ये, पाया घातला तो पूर्वेच्या टोकाला. पहिला वास्तुकार वारल्यावर काम पेटर पार्लरकडे आलं, तेव्हा तो तेविशीच्या आसपास होता. पंधराव्या शतकात हुसाइट युद्धांमुळे, म्हणजे धर्मसुधारकांच्या लढायांमुळे, काम थांबलं, अर्धवट इमारत भिंत घालून बंद केली आणि लोक कित्येक पिढ्या त्या अर्ध्या देवळातच प्रार्थना करत राहिले. उरलेलं 1929 मध्ये पुरं झालं. म्हणून तिकीट काढून वेदीपर्यंत जा आणि मान वर करा. पार्लरने छताच्या दगडी फासळ्या जाळ्यासारख्या एकमेकींत गुंतवल्या आहेत. नजर एका कमानीपाशी अडत नाही, थेट वेदीपर्यंत सरकत जाते. मी तिथे मान दुखेपर्यंत उभा होतो.

चित्रकार म्यूखाची रंगीत काच सगळ्यांना माहीत असते, ती दिसेलच. संत वेन्सेस्लासचं चॅपल, म्हणजे आतलं छोटं प्रार्थनागृह, दारातूनच बघावं लागतं. भिंतीत जडवलेले रंगीत दगड बघा, आणि राजमुकुटाच्या खोलीचं सात कुलपांचं दारही तिथेच आहे.

पण आईला नक्की न्या ते वेदीमागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर, यान नेपोमुकच्या चांदीच्या समाधीपाशी. 1393 मध्ये राजाच्या हुकमावरून या धर्मगुरूला व्लटावा नदीत बुडवलं. राणीने त्याच्यापुढे पापांची कबुली देताना सांगितलेलं गुपित फोडायला त्याने नकार दिला, अशी आख्यायिका आहे. माझी आई ही गोष्ट ऐकून तिथून हलेना. म्हणाली, “इतकी चांदी, एवढ्याशा शब्दासाठी.”

बाहेर पडलात की दक्षिणेच्या बाजूला वळा. सोनेरी दरवाज्यावर अंतिम निवाड्याचं मोझेक आहे, 1370 च्या सुमाराचं. मनोऱ्याला जवळपास तीनशे पायऱ्या आहेत. बाबा चढत असतील तर चढू देत, आईजवळ तुम्ही थांबा.

मग 22 नंबरनेच खाली ‘मालोस्त्रान्स्के नामेस्ती’ला उतरा, चार्ल्स ब्रिज पाच मिनिटांवर आहे. पुलावर नेपोमुकचा पुतळा आहे, डोक्याभोवती पाच तारे. खालची कांस्याची पाटी हात लागून लागून चकचकीत झालीय. आईने तिच्यावर हात ठेवला आणि विचारलं, “ती चांदी कुठे रे?” मी नदीपलीकडे टेकडीवरच्या मनोऱ्यांकडे बोट दाखवलं.