‘सुख’ हे रथाचं विशेषण होतं

मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शोधनिबंधासाठी तिला एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायची आहे. ‘हॅपिनेस’ला ‘आनंद’ म्हणावं की ‘सुख’, ‘सॅटिस्फॅक्शन’ला काय म्हणावं आणि ‘वेल-बीइंग’ला मराठीत शब्द आहे का, असं तिनं विचारलंय. मार्गदर्शकांनी ‘सगळीकडे आनंदच घाला, लोकांना कळतं’ असं सांगितलंय म्हणे.

सगळीकडे ‘आनंद’ मुळीच घालू नका. लोकांना कळतं हे खरंच आहे, पण कळतं ते भलतंच, आणि त्याचं उत्तरही ते प्रामाणिकपणे देतात.

दरवर्षी २० मार्चच्या आसपास ‘फिनलंड जगातला सर्वांत आनंदी देश’ हा मथळा वाचला की माझं डोकं दुखायला लागतं. २०१८ ते २०२५ असा सलग आठ वेळा तो देश ‘वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट’च्या यादीत पहिला आला. ‘आनंदी देशांत भारत ११८वा’ हे २०२५चं वाक्यही तुम्ही वाचलं असेल. आता ही क्रमवारी ज्यावर ठरते तो प्रश्न बघा. हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडलेली शिडी आहे ती. एक शिडी डोळ्यांपुढे आणा, तळाशी शून्य, माथ्यावर दहा. तुमच्या दृष्टीनं जास्तीत जास्त चांगलं आयुष्य म्हणजे दहावी पायरी, वाईटात वाईट म्हणजे शून्य. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात? झाला प्रश्न. यात आनंद कुठे आहे? हसू कुठे आहे? माणूस थांबतो, मागे वळून बघतो, हिशेब करतो आणि आकडा सांगतो. याला मराठीत समाधान म्हणतात. ‘काल तुम्ही भरपूर हसलात का’ हा प्रश्न गॅलप ही सर्वेक्षण करणारी संस्था वेगळा विचारते. त्यात पॅराग्वे, पनामा यांच्यासारखे देश वर्षानुवर्षं वर राहिले आहेत. खरी आनंदी देशांची यादी करायची तर ती ही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी २०१० मध्ये दाखवलं होतं की पैसा वाढतो तसा शिडीवरचा आकडा चढतच राहतो, रोजच्या भावना मात्र एका टप्प्यानंतर तितक्या चढत नाहीत. त्या टप्प्याबद्दलचं मत कानमन यांनी २०२३ मध्ये स्वतःच दुरुस्त केलं, पण प्रश्न दोन आहेत हे काही बदललं नाही. प्रश्न दोन तर शब्दही दोन हवेत.

हा फरक मला पुस्तकात कळला नाही. काही वर्षांपूर्वी गावी मावशीच्या ओट्यावर बसलो होतो. एक मुलगी टॅब घेऊन सर्वेक्षणाला आली. ‘मावशी, तुम्ही आनंदी आहात का?’ मावशी शेंगा फोडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘आनंदी कसली बाई, मागल्या महिन्यात म्हैस गेली.’ मुलीनं ‘नाही’वर बोट ठेवलं. ‘म्हणजे असमाधानी आहात?’ आता मावशीनं मान वर केली. ‘तसं कोण म्हणालं? समाधानी हाय की. पोरं मार्गी लागली, अंगावर कर्ज नाही.’ मुलगी गोंधळली, कारण टॅबवर चौकट एकच होती. त्या एका चौकटीत मावशी दुःखी बायकांत मोजली गेली. भाषांतर करणाऱ्यानं एक शब्द आळसानं निवडला की असं होतं.

‘आनंद’ शब्दाचं फार सांगत बसत नाही. नन्द् धातू, हर्ष होणं. याच धातूपासून मराठीत ‘नांदणं’ आलं, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. संस्कृतात जो हर्ष होता तो मराठीत येऊन घरात राहायला लागला. सून नांदते, लक्ष्मी नांदते, शांतता नांदते. बाकी आनंद मोजायची हौस आपल्यालाही जुनीच आहे. तैत्तिरीय उपनिषदात ‘आनंदाची मीमांसा’ म्हणून चक्क एकक ठरवलंय. तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा माणूस, आणि धनधान्यानं भरलेली सगळी पृथ्वी त्याची, हा एक मानुष आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वाचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वाचा, असं करत ब्रह्मापर्यंत दहा वेळा शंभरानं गुणायचं. म्हणजे एकावर वीस शून्यं. आणि मानुष आनंदाच्या वरच्या प्रत्येक पायरीवर एकच पालुपद: वासनेनं न पछाडलेल्या श्रोत्रियालाही, म्हणजे वेद शिकलेल्यालाही, तो तेवढाच मिळतो. कॅन्ट्रिलच्या शिडीवरही शून्यापासून दहाच वेळा वर चढायचं असतं, हे वाचताना मला फार गंमत वाटली होती.

आता ‘सुख’. मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

ऋग्वेदात ‘सुख’ हा शब्द माणसाला लागत नाही. मनालाही लागत नाही. तो रथाला लागतो. पहिल्या मंडलाच्या विसाव्या सूक्तात ऋभू नावाचे कारागीर अश्विनीकुमारांसाठी रथ घडवतात: ‘तक्षन्नासत्याभ्यां परिज्मानं सुखं रथम्’. सगळीकडे फिरणारा, ‘सुख’ असा रथ. सोळाव्या सूक्तात इंद्राला ‘सुखतमे रथे’ बसवून आणायचंय, तेराव्यात अग्नीला म्हटलंय की देवांना ‘सुखतमे रथे’ घेऊन ये. सुख, सुखतम. चांगला, सर्वांत चांगला, अशा तऱ्हेनं वापरलेलं साधं विशेषण आहे हे.

सु म्हणजे चांगला. आणि ख म्हणजे भोक. चाकाच्या मध्यावरचं, आस जिथून जातो ते भोक. ज्या रथाच्या चाकाचं भोक नीट बसतं, तो सुख रथ.

‘ख’ म्हणजे भोक हे मी पदरचं सांगत नाही. आठव्या मंडलात अपालेची कथा आहे. तिच्या त्वचेला रोग असतो, इंद्र तिला तीनदा भोकातून ओढून शुद्ध करतो आणि ती सूर्यासारख्या कांतीची होते. तिथले शब्द: ‘खे रथस्य खेऽनसः खे युगस्य’. रथाच्या भोकातून, गाड्याच्या भोकातून, जुवाच्या भोकातून. ख हा खन् धातूचा, म्हणजे आपल्या खणण्याचा आणि खाणीचा. पोकळी म्हणून पुढे तो आकाश झाला आणि रितेपण म्हणून गणितात शून्य झाला. भास्कराचार्यांचा ‘खहर’ म्हणजे ज्याचा छेद शून्य आहे ती राशी.

लहानपणी आमच्या गावच्या सुताराकडे गाडीचं चाक दुरुस्तीला नेलेलं मला लख्ख आठवतंय. चाक चालताना डुगडुगत होतं, बैल अर्ध्या वाटेत फेसाळत होते. सुतारानं आसाच्या टोकाची खीळ काढली, चाक उतरवलं, आडवं टाकलं. चिंधीनं तुंब्यातलं, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी गड्ड्यातलं, एरंडेलाचं काळं वंगण पुसून काढलं आणि दोन बोटं भोकात घालून आतून गोल फिरवली, डोळे मिटून. एका जागी बोटं थांबली. मला म्हणाला, ‘बोट घाल.’ तिथं खड्डा लागत होता. ‘आस बी चांगलाय, चाक बी चांगलंय. भोक खाल्लंय एका अंगाला.’ आस नवा आणला असता तरी उपयोग नव्हता. तीस वर्षांनी कोशात ‘सुख’ची नोंद वाचताना माझ्या बोटाला तो खड्डा पुन्हा लागला.

आता याला विरोध करणारे. सगळ्यात वैताग आणतात ते ‘ख म्हणजे आकाश, म्हणून मनाचं आकाश स्वच्छ ते सुख’ असं सांगणारे. ऐकायला गोड आहे, पण मग ऋभूंच्या रथाला स्वच्छ आकाश कुठून चिकटवायचं? शब्दाचा जुन्यात जुना वापर न बघता व्युत्पत्ती सांगणं म्हणजे चाक न उतरवताच दुरुस्ती करणं. दुसरे यास्काचार्य, वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या ‘निरुक्त’ ग्रंथाचे कर्ते. त्यांच्यापुढे हात जोडूनच सांगतो, निरुक्तातलं ‘सुहितं खेभ्यः’, म्हणजे इंद्रियांना हितकर ते सुख, हे पटत नाही. ख खन्-पासून, इथवर ते अगदी बरोबर आहेत, पण त्यांनी इंद्रियांची भोकं घेतली. रथाला इंद्रियं नसतात.

तिसरे संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स. कोशाच्या १८९९च्या आवृत्तीत ‘सुख’खाली ते आसाच्या भोकाचा अर्थ देतात, शब्द वेदात फक्त रथाला लागतो हेही नोंदवतात, आणि मग ‘सुस्थ’चं, म्हणजे चांगल्या स्थितीतला या शब्दाचं, प्राकृत रूपही असू शकेल म्हणून पाय मागे घेतात. ‘दुःख’च्या नोंदीत तर ‘दुःस्थ’, म्हणजे वाईट स्थितीतला, हेच मूळ जास्त संभवतं म्हणतात. त्यांचा धाक वाटून पुष्कळांनी हेच उचललं. पण स्थचा ख होतो कुठे? स्थाणूचं प्राकृत खाणु, असली मोजकी उदाहरणं, तीही शब्दाच्या तोंडाशी. एरवी प्राकृतात स्थचा थ नाहीतर ठ होतो. शिवाय सु आणि स्था जोडून झालेला ‘सुष्ठु’ (चांगल्या रीतीनं) ऋग्वेदातच जिवंत आहे. एकाच ग्रंथात, एकाच काळी, त्याच जोडीला सुष्ठुही व्हायचं आणि सुखही व्हायचं, तेही फक्त रथापुरतं? मला हे मान्य होत नाही. दुःख ऋग्वेदात नाहीच. तो मागाहून सुखाच्या साच्यावर ओतलेला शब्द आहे, त्यामुळे त्याच्यावरून सुखाचा निकाल लावायचा म्हणजे नातवावरून आजोबांचं नाव ठरवणं आहे.

आणि चाक या शब्दांना सोडत नाही हे बघा. धम्मपदाची पहिलीच गाथा: मलिन मनानं बोललं, वागलं की दुःख मागे लागतं, ‘चक्कं व वहतो पदं’, ओढणाऱ्या बैलाच्या पावलामागून चाक यावं तसं. दुसऱ्या गाथेत सुख सावलीसारखं मागे येतं. बुद्धांच्या मनात ही व्युत्पत्ती होती असं मी म्हणणार नाही. पण दुःखाला उपमा हवी होती तेव्हा गाडीच समोर आली. मराठीत तर तो जुना अर्थ अजून रोज वापरात आहे. गावाला पोचल्यावर आपण फोन करून काय सांगतो? ‘सुखरूप पोचलो.’ आनंदरूप कोणी पोचत नाही. ‘प्रवास सुखाचा झाला’ म्हणतो तेव्हा वाटेत फार हसलो असं म्हणायचं नसतं. गाडी नीट चालली, हाडं खिळखिळी झाली नाहीत, इतकंच म्हणायचं असतं. बाळंतीण सुखरूप सुटते, तीही एका वाटेवरून पार होऊनच.

इतर भाषांशी तुलना केली तर याचं मोल कळतं. इंग्रजी ‘हॅपी’ हा ‘हॅप’पासून, म्हणजे योगायोग, नशीब. जर्मन ‘ग्ल्युक’ म्हणजे सुखही आणि नशीबही. फिनिश लोकांचा ‘ओन्नी’ही तसाच. ग्रीक ‘युडेमोनिया’त तर चांगला ‘डेमॉन’, पाठीशी असलेलं दैवत. अरिस्टॉटलनं त्याला आयुष्यभराच्या सद्वर्तनाशी जोडलं ते पुढे. त्यातला ‘यू’ आपल्या ‘सु’चा सख्खा भाऊ. तिकडे सुख नशिबानं यायचं, आपल्याकडे ते सुतारानं घडवायचं.

प्रश्नावलीकडे येतो. शिडीच्या प्रश्नाला ‘समाधान’. काल-परवाच्या भावना विचारणाऱ्या प्रश्नाला ‘आनंद’. ‘खूश’ चालेल, पण शहरी तरुणांपुरता. म्हाताऱ्या माणसाला ‘खूश आहात का’ विचारलं तर कोणी काही दिलं का, असं त्याला वाटतं. एकूण विषयाला, शीर्षकाला, ‘सुख’. ‘आनंदीपणा’ हा शब्द कुठेही नको. आणि ‘समाधान’ वापरताना हिंदीतून आलेला मजकूर तपासून घ्या, तिकडे त्याचा अर्थ तोडगा असा होतो.

‘वेल-बीइंग’ला मात्र ‘कल्याण’ नको, त्याला सरकारी खात्याचा वास येतो. ‘स्वास्थ्य’ वाईट नाही. मराठीत ‘अस्वस्थ’ म्हणजे आजारी नव्हे, बेचैन, हे त्याच्या बाजूनं आहे. पण माझं मत ‘क्षेम’ला. पत्रात ‘क्षेम’ लिहिणारी पिढी अजून आहे. गीतेतला ‘योगक्षेमं वहाम्यहम्’ विमा महामंडळाच्या बोधचिन्हावर घरोघरी पोचलाय. आणि इथेही गाडी आहेच! वेदकाळी ‘योग’ म्हणजे जुंपणं, गाडे जोडून निघणं. ‘क्षेम’ म्हणजे मुक्कामाला स्थिर, निर्धास्त असणं. क्षि धातू, राहणं. म्हणजे नांदणं आणि क्षेम एकाच अंगणात येऊन उभे राहतात. मानसशास्त्रज्ञ एड डीनर यांनी १९८४ मध्ये रूढ केलेल्या ‘सब्जेक्टिव्ह वेल-बीइंग’ला ‘व्यक्तिनिष्ठ क्षेम’ म्हणा. चार दिवस कानाला टोचेल, मग बसेल.

एक विनंती. आसाचं भोक, तुंब्यातलं, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते कळवा. सुतारांना, गाडीवानांना विचारा, खानदेशात, वऱ्हाडात, कोकणात, गोव्यात. रबरी धावांच्या गाड्या आल्यापासून हे शब्द माहीत असलेली माणसं झपाट्यानं कमी होताहेत. एखाद्या बोलीत त्या भोकाच्या नावात अजून ‘ख’ उरला असेल, तर मला तो हवाय.