घर घेताना : पूररेषा, डोंगरउतार आणि कारखान्याची भिंत

प्रश्न : सिंहगड रस्त्यालगत, नदीपासून साधारण दोनशे मीटरवर, चौदा वर्षे जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा टू-बीएचके फ्लॅट आम्ही पाहिला आहे. आसपासच्या दरापेक्षा तो बराच स्वस्त मिळतो आहे. वकिलांनी कागदपत्रे तपासली, त्यांत खोट निघाली नाही, बँकेनेही कर्ज मंजूर केले. मात्र जुलै २०२४ मध्ये त्या गल्लीत पाणी आले होते, असे एका नातेवाइकांकडून कळले. इमारत निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे, तेव्हा काळजी नको, असे एजंटचे म्हणणे आहे. त्यावर विसंबावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : एजंटचे म्हणणे खरे असेलही, पण त्याने अर्धेच सांगितले आहे. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचेल, तिथे जलसंपदा विभाग निळी रेषा आखतो आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुरासाठी लाल. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र असतो, तर निळी आणि लाल यांच्यामधल्या पट्ट्यात जोते पुरेसे उंच ठेवण्याच्या अटीवर बांधकामाला परवानगी मिळते. म्हणजे ‘निळ्या रेषेच्या बाहेर’ असलेली इमारत लाल रेषेच्या आत असू शकते, आणि तरीही तिची सगळी कागदपत्रे चोख असतात. महापालिकेतून झोन दाखला आणि भाग नकाशा काढून आपली इमारत लाल रेषेच्या कोणत्या बाजूला येते, हे आधी पाहावे.

‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही पुष्कळांची फसगत होते. एक पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दर पावसाळ्यात ती शक्यता शंभरात चार इतकी असते. आपले कर्ज वीस वर्षांचे असेल, तर ते फिटेपर्यंत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता हिशेबाने निम्म्याहून अधिक निघते. लाल रेषेच्या पुरासाठी हाच हिशेब शंभरात अठराच्या घरात जातो.

आता मुठेचे पाहू. पुणे शहरात तिची निळी रेषा ६० हजार आणि लाल रेषा १ लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग धरून आखलेली आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सुटले आणि तेवढ्यानेच सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीतल्या घरांत पाणी शिरले. निळ्या रेषेच्या हिशेबापेक्षा हा आकडा कितीतरी कमी आहे. असे होते, कारण रेषा आखताना मोजलेले पात्र आणि आजचे पात्र एकच राहिलेले नसते. काठावर राडारोड्याचे भराव पडतात, पात्र आवळत जाते आणि तेवढ्याच पाण्याची पातळी वर चढते. शिवाय नदी फुगली की शहरातल्या पावसाचे पाणी घेऊन येणारे नाले तिच्यात उतरू शकत नाहीत; ते पाणी मागे फिरते आणि चेंबरमधून रस्त्यावर येते. खडकवासला धरणही साठवणीने लहान आहे, जेमतेम २ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे). वरच्या पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरणांच्या खालचा पाऊस थेट त्यातच उतरतो, त्यामुळे जोराची सर लागली की काही तासांत दरवाजे उघडण्यावाचून इलाज राहत नाही, मग ती वेळ पहाटेची का असेना.

ओढ्यांचा धोका तर नदीच्या रेषांवरून कळतच नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने कात्रजपासून दांडेकर पुलापर्यंत जो हाहाकार केला, तो नदीपासून लांब राहणाऱ्यांच्याही वाट्याला आला. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढावा आणि आपल्या सर्व्हे नंबरातून किंवा शेजारून ओढ्याची रेघ जाते का ते पाहावे. नकाशात ओढा आहे आणि जागेवर सोसायटीची बाग आहे, असे दिसले तर ते पाणी कुठे वळवले, किती रुंदीच्या नळात घातले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागद पाहून झाले की इमारतीकडे वळावे. फ्लॅट दाखवायला नेतात तेव्हा आपण थेट लिफ्टने वर जातो. या खेपेस पार्किंगमध्ये अर्धा तास काढावा. भिंतीचा खालचा तीन-चार फुटांचा भागच तेवढा नव्याने रंगवलेला आहे का, गिलाव्याला खार फुटून पापुद्रे सुटले आहेत का, मीटरची पेटी मूळ जागेवरून उचलून वर बसवल्याच्या खुणा, जुन्या खिळ्यांची भोके, दिसतात का, ते पाहावे. पाण्याची जमिनीखालची टाकी, पंप आणि लिफ्टचा खड्डा कुठे आहे, हेही बघावे. आपला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, त्यामुळे पाणी घरात शिरणार नाही, असे गृहीत धरले तरी टाकीत गढूळ पाणी मिसळले आणि मीटर बुडाले की वरच्या सगळ्याच मजल्यांचे पाणी, वीज आणि लिफ्ट एकदम जाते. घरात वृद्ध माणसे असतील तर हा विचार आधी करावा.

विक्रेत्यामार्फत सोसायटीचा जमाखर्च आणि सभांची इतिवृत्ते पाहायला मागावीत. ऑगस्ट महिन्यातली पंपाच्या मोटरच्या वायंडिंगची आणि टाकी उपसण्याची बिले दोन-तीन वर्षे सापडली, तर एजंटला आणखी काही विचारायची गरज उरत नाही. समोरच्या इस्त्रीवाल्याला आणि रात्रपाळीच्या वॉचमनला ‘पाणी कुठवर आलं होतं?’ असे विचारावे. ‘आलं होतं का?’ असे विचारले तर माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘कुठवर’ म्हटले की बहुधा तो भिंतीवर हातच ठेवून दाखवतो.

कायद्याचा एक मुद्दा फारसा कोणाच्या लक्षात नसतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे मालमत्तेतील महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगायचा असतो, पण खरेदीदाराला साधारण काळजी घेतली असता जो समजू शकला नसता, असा दोष. गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलेला पूर आपल्याला कळू शकला नसता, असे नंतर म्हणणे अवघड आहे. म्हणून पुराबद्दलचा प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारावा, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि उत्तर जपून ठेवावे. बँकेच्या मंजुरीवर फार भिस्त ठेवू नये. बँक आपल्या कर्जाची वसुली पाहते, आपली झोप नव्हे.

एवढे करूनही घर आवडले आणि इमारत लाल रेषेच्या बाहेर निघाली, तर ते जरूर घ्यावे, मात्र गाडी आणि मीटर पाण्याच्या वर ठेवण्याचा खर्च किमतीतून वजा करून. घरविम्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात पुराचा समावेश असतो. मात्र इमारतीचा विमा सोसायटीने किती रकमेचा उतरवला आहे आणि घरातल्या सामानाचा आपण वेगळा उतरवायचा किती, हे दोन्ही नीट विचारून घ्यावे. इमारत लाल रेषेच्या आत निघाली तर मी स्वतः ती घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी.

प्रश्न : महाड तालुक्यात डोंगरउतारावर पाडलेला पाच गुंठ्यांचा एनए प्लॉट घेऊन निवृत्तीनंतर घर बांधायचा विचार आहे. गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नाही. तेवढे पुरेसे आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी अशा यादीत नव्हती. महाड तालुक्यातल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून जे ओढवले, ते आपल्याला ठाऊक असेलच. यादी पाहावी, पण निर्णय जागा पाहून घ्यावा, आणि तो एका माणसाच्या भेटीवर सोडू नये.

या भागात कठीण काळ्या खडकावर झिजलेल्या दगडाचा आणि मातीचा थर असतो. सलग मुसळधार पावसात पाणी त्या थरात मुरते, खालच्या खडकावर अडते आणि वरचा थर जड होऊन घसरतो. प्लॉट सपाट करण्यासाठी डोंगराचा पायथा उभा कापला की त्या थराचा टेकूच निघून जातो. म्हणून आपला प्लॉट पाहण्याआधी त्याच्या वर चढून जावे. मातीत आडव्या भेगा, एकाच दिशेला कललेली झाडे किंवा विजेचे खांब, पूर्वी नव्हता तिथे फुटलेला झरा, अशा खुणा दिसल्यास विषय तिथेच थांबवावा. शेजारच्या कापलेल्या कड्याला निचऱ्याची भोके ठेवलेली संरक्षक भिंत आहे की नुसता रंगवलेला दगडी बांध, हेही पाहावे. जुलैमध्ये एकदा जाऊन वरचे पाणी कोणत्या वाटेने उतरते ते बघावे. डिसेंबरात प्लॉट विकणारे पुष्कळ भेटतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या जागेचे जुने नाव विचारावे, कारण त्या नावात कधी कधी घळ किंवा पाणवठा लपलेला असतो. भूगर्भतज्ज्ञाला नेण्याचा खर्च प्लॉटच्या किमतीपुढे काहीच नाही.

प्रश्न : डोंबिवली एमआयडीसीलगतच्या निवासी भागात फ्लॅट पाहतो आहे. शेजारचा कारखाना ‘लाल’ वर्गात नाही, असे कळले. मग हरकत नसावी ना?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा हे वर्ग प्रदूषणाच्या मानाने ठरतात, स्फोटाच्या धोक्याच्या मानाने नव्हे. मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. शेजारच्या कारखान्यात काय साठवतात आणि तो अतिधोकादायक कारखान्यांत मोडतो का, याची माहिती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. फ्लॅट दुपारी न पाहता थंडीतल्या एखाद्या रात्री दहानंतर पाहावा. हवा पडलेली असते, वास जमिनीलगत राहतो, आणि शेजारी खिडक्या उघड्या ठेवतात की बंद, तेही त्याच वेळी दिसते.