आधी तिथी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी सोडायची, मुरबाडकडे दहा-बारा गुंठे घ्यायचे, मातीचं घर बांधायचं, विहिरीचं पाणी प्यायचं. सोबत घरांचे फोटोही पाठवलेस. छान आहेत. त्यातल्या एकाही घरात मला केरसुणी दिसली नाही, ते सोड.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. जागा बदलण्याआधी एक वर्ष ऐरोलीतच राहा आणि ते वर्ष ठाण्याच्या खाडीच्या वेळापत्रकाने काढ. रोज बसमधून ऐरोलीच्या पुलावरून जातेस. आज सकाळी खाली भरती होती की ओहोटी? हे सांगता येत नसेल, तर मुरबाडची विहीरही महिनाभरात नुसती विहीरच वाटायला लागेल.

भिंतीवर कालनिर्णय असेलच. आपल्या किनाऱ्यावरचे जुने कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पहाटेही तीच वेळ, दुपारीही तीच. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं मागे पडतो, त्याच्यामागे भरतीही मागे पडते, त्याचाच हा तोंडी हिशेब. खाडीत आत पाणी चढायला थोडा उशीर लागतो, आणि एरवीही पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी कसं आळसावल्यासारखं हलतं. दिवाळे गावच्या किंवा वाशी गावच्या कुणा वयस्क कोळणीशी बोल. पण सकाळी मासळी विकायच्या वेळी जाऊन बाईंचा धंदा अडवू नकोस. आधी मासळी घे, मग विचार.

एवढं गणित आलं की बघायला काय मिळतं ते सांगते. नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत खाडीत फ्लेमिंगो असतात. लोक सुट्टी बघून येतात आणि ‘आज पक्षीच नव्हते’ म्हणत परततात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी त्यावर चरतात. भरतीला चिखल बुडाला की सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळींवर, डीपीएस तलावाकडे जाऊन उभे राहतात. म्हणजे पक्षी कुठे असतील हे घड्याळाला माहीत नसतं, तिथीला असतं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून वनखात्याच्या बोटी सुटतात, त्यांच्याही वेळा भरती-ओहोटी बघूनच ठरतात. एकदा जा. पण एकदाच. बाकीच्या वेळी काठावर उभं राहा, त्याला तिकीट नाही.

ही खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 साली तिला रामसर दर्जा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींना देतात तो, मिळाला. म्हणून ती स्वच्छ आहे असं मात्र समजू नकोस. दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी तिच्यात येतं. ओहोटीला वास येतो, आणि तुला तो येणारच. लहान फ्लेमिंगो ज्या निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतात, ते अशा पोसलेल्या पाण्यात जोमाने वाढतं. त्या गुलाबी रंगात आपल्या मोऱ्यांचाही वाटा आहे. निसर्गाशी नातं म्हणतेस ना, ते हे असं असतं. पाणी कमी वापरायचं, तेल आणि रंग मोरीत ओतायचे नाहीत, हे उपदेश मग कुणी करावे लागत नाहीत.

काठावर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, बघ. चिखलात हवा नसते, म्हणून त्यांची मुळं खिळ्यांसारखी वर येऊन श्वास घेतात. शोषलेलं मीठ पानांवाटे बाहेर पडतं. उन्हात पान तिरपं धरलं की कण चमकतात. पान झाडावरच राहू दे.

आता खाण्याचं. मृगाच्या आसपास ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जा. येऊरकडच्या, शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया रानभाज्यांच्या टोपल्या घेऊन बसतात. आधी शेवळं येतात, मग कोवळा टाकळा, कुर्डू, फोडशी, आणि पाऊस मुरला की करटोली. शेवळं घेशील तेव्हा सोबत काकडं, ती आंबट रानफळं, माग, ती नसतील तर चिंच घाल. नाहीतर घसा असा खाजेल की निसर्गावरचं प्रेम एका घासात उतरेल. भाव पाडू नकोस. आणि येऊरला फिरताना स्वतः तोडून शिजवायचं साहस करू नकोस. सारखी दिसणारी पानं सारखी नसतात, आणि तो डोंगर राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथल्या वारली पाड्यांवर कॅमेरा रोखत फिरू नये, हे तुला सांगायला नको.

साधेपणाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर लोक फार लिहितात. तू पाठवलेल्या यादीत बांबूचा ब्रश, तांब्याची बाटली, मातीचं तवा-कढई आणि लिनन आहे. ही खरेदी आहे, बाई. घरात आहे ते झिजू दे. शनिवार-रविवार मॉलऐवजी काठावर गेले की महिन्याला किती उरतात ते बघ. उरलेल्या पैशांतून कर्जाचे हप्ते लवकर फिटतात, आणि कर्ज फिटलेल्या माणसाला नोकरी धरता येते तशी सोडताही येते. तुझी सगळी घुसमट ऑफिसची आहे की हप्त्याची, हे मला तुझ्या पत्रातून नीट कळलं नाही. तुलाही कळलं नसावं.

वर्षभराने पुन्हा मुरबाडला जावंसं वाटलं तर जा. तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन, पण एकदा मे अखेरीस आणि एकदा जून-जुलैत. जमीन विकणारे लोक ती हिवाळ्यात दाखवतात. विहिरीचं पाणी मे अखेरीस किती उरतं आणि रस्ता आषाढात कुठे वाहून जातो, हे त्यांच्या फोटोंत नसतं.

तुझी,
मावशी

ता. क. त्या एजंटला टोकन दिलं नाहीस ना? तुमच्या घरात कुणाच्या नावावर शेती नाही, आणि आपल्या राज्यात शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘नंतर करून देतो’ म्हणाला असेल तर आधी सातबारा मला पाठव.