वापरणाऱ्यांना उत्पादनाच्या डिझाइनमध्ये कितपत सामील करून घ्यावं?

तुमच्या टीममध्ये दोन तट पडलेत असं तुम्ही लिहिलंय. एकांना वाटतं ग्राहकाला सगळं बदलता यावं. दुसरे म्हणतात, लोकांना विचारून काही हाती लागत नाही, डिझाइन डिझाइनरनेच करावं. मी बरीच वर्षं वॉकर, काठ्या अशी आधाराची साधनं डिझाइन करतोय. माझ्या अनुभवात खरा घोळ होतो तो विचारण्याच्या वेळेत आणि पद्धतीत.

एका वॉकरच्या वेळी आम्ही पक्का नमुना तयार झाल्यावर लोकांना बोलावलं आणि प्रश्नावली भरून घेतली. सगळ्यांनी "चांगला आहे" लिहिलं. बनवणारा समोर बसलेला असताना नावं कोण ठेवणार? काही महिन्यांनी तोच वॉकर वापरणाऱ्या एका आजींकडे गेलो. त्यांनी दोन्ही मुठींना जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. उजवीकडे जास्त वेढे, कारण त्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती. पुढच्या आडव्या नळीला एक पिशवी बांधलेली, पण आतल्या बाजूने. का, विचारल्यावर म्हणाल्या, "बाहेर बांधली की पुढे ओढतं." बरोबरच होतं. वजन पुढच्या पायांच्याही पुढे गेलं की उचलताना वॉकर पुढे कलतो. आम्ही तोल तपासला होता तो रिकाम्या वॉकरचा!

पुढच्या वॉकरला आम्ही पिशवी जोडून दिली नाही. आतल्या बाजूला खाचा असलेली एक पट्टी दिली आणि मुठीचं आवरण बदलता येईल असं केलं, जाड आणि पातळ. आता त्या पट्टीला कुणी पिशवी अडकवतं, कुणी पाण्याची बाटली, कुणी टॉर्च. अशी मोकळी सोडलेली जागा मला दहा रंगांच्या पर्यायांपेक्षा मोलाची वाटते.

पहिल्या गटाचं म्हणणं एका बाबतीत अगदी खरं आहे: सरासरी माणूस गृहीत धरून चालत नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली होती. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यातली दहा मापं निवडली आणि दहाही बाबतीत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. ४,०६३ जणांत एकही निघाला नाही. आज आपण मागेपुढे होणारी सीट गृहीत धरतो, तिच्यामागे हाच विचार आहे. म्हणून अंगाशी, हाताशी, पकडीशी संबंध येतो तिथे बदलायची सोय हवीच. बाकी ठिकाणी आधी एक चांगली, विचारपूर्वक केलेली मांडणी द्या. वीस पर्याय समोर ठेवले की आपला निर्णय आपण ग्राहकाच्या गळ्यात टाकतो, आणि तो थकतो.

दुसऱ्या गटाला मी स्कँडिनेव्हियातला 'युटोपिया' प्रकल्प सांगेन. १९८१ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात वृत्तपत्रांची पानं लावणारे कामगार संगणक-संशोधकांबरोबर बसले. जी यंत्रं अजून हातात नव्हती, त्यांच्या जागी पुठ्ठ्याची, लाकडाची खोकी ठेवली. लेझर प्रिंटर म्हणजे चक्क एक रिकामं खोकं. त्यांच्याभोवती कामगारांनी आपलं रोजचं काम करून पाहिलं. पुठ्ठा खोडायला कुणाला संकोच वाटत नाही. आम्हीही आता नळ्या आणि चिकटपट्टीचा ओबडधोबड सांगाडाच पुढे करतो आणि मत न विचारता सांगतो, "याच्या आधाराने उठून दाराशी जाऊन या."

यात डिझाइनरचं काम कमी होत नाही. खेळण्यातले ठोकळे बनवणाऱ्या लेगो कंपनीच्या 'आयडियाज' उपक्रमात एखाद्या कल्पनेला १०,००० लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी तिचा विचार करते, पण निवडलेल्या कल्पनेचा विक्रीचा संच कंपनीचेच डिझाइनर घडवतात. मूळ कल्पना सुचवणाऱ्याला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांचा वेळ घेतलात तर मोबदला द्या, आणि त्यांच्या सूचनेचं पुढे काय झालं ते कळवा, नाकारली असली तरी.

तुमचं आधीचं उत्पादन वापरात असेल तर पुढच्या बैठकीआधी पाच-सहा जणांकडे जाऊन या. कुठे चिकटपट्टी लावलीय, कुठे दोरा बांधलाय, कुठला भाग काढून ठेवलाय ते बघा. परवानगी घेऊन फोटो काढा, पण चेहऱ्यांचे नकोत, हातांचे.